होळी ते अक्षय्य तृतीया: सात रविवार आणि एक पिंपळ

होळी फाल्गुन पौर्णिमेची. त्यानंतर पंधरा दिवसांनी पाडवा, आणि पाडव्यानंतर महिन्याभराने अक्षय्य तृतीया. हिशेब केला तर साधारण सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस दिवस होतात, म्हणजे जेमतेम सात आठवडे. पंचांगात चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, पण आपल्याकडे वैशाख म्हटलं की वणवाच आठवतो. महाराष्ट्रातल्या माणसाच्या हाती वसंत म्हणून जे काही लागतं ते याच सात शनिवार-रविवारांत. आणि नेमके हेच दिवस मार्चअखेर, मुलांच्या परीक्षा आणि लग्नाच्या आमंत्रणांमध्ये निघून जातात.

मी बँकेत काम करते. कित्येक वर्षं माझा मार्च ट्यूबलाइटखाली गेला. सहा वर्षांपूर्वी एका ३१ तारखेला रात्री साडेदहाला घरी परतत होते. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीमागच्या पिंपळापाशी रिक्षा थांबली आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात दिसलं की सगळं झाड तांब्याच्या रंगाचं झालंय. काही दिवसांपूर्वी त्याच्याखाली वाळक्या पानांचा खच होता एवढं अंधूक आठवत होतं. मधलं काहीच मी पाहिलेलं नव्हतं, आणि झाड तर रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचं. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून दर वसंतात मी एक नेम पाळते. सात रविवार, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या झाडापाशी जाऊन बसते. सुट्टीचा बाकीचा दिवस त्या तासाभोवती हळूहळू लागत गेला. वसंत आठवड्या-आठवड्याने बदलतो, आणि तो बदल दिसायचा तर बघणाऱ्याने एका जागी थांबावं लागतं. दर रविवारी नव्या ठिकाणी गेलात तर सात सुंदर जागा बघून होतील, पण पालवी कशी आली ते कळणार नाही. म्हणून पुढे जे लिहिलंय ते सगळं एकाच जागेभोवतीचं आहे.

झाड कोणतं निवडायचं

पहिली अट, घरापासून चालत दहा मिनिटांच्या आत. गाडी काढावी लागली की तिसऱ्या रविवारी नेम मोडतो. दुसरी अट, झाड पानगळ होऊन पालवणारं हवं. आंबा, अशोक, निलगिरी ही झाडं एका वेळी पूर्ण उघडी होत नाहीत, त्यामुळे नवख्या डोळ्याला फरक पटकन दिसत नाही. पिंपळ सगळ्यात चांगला, कारण तो गावात, शहरात, अगदी मुंबईच्या गल्लीतही भेटतो, आणि बहुतेक वेळा त्याला बसायला पार असतो. करंजही उत्तम. त्याची पालवी इतकी झळझळीत पोपटी असते की दोन आठवडे झाड उजेड लावल्यासारखं दिसतं. वावळ असेल तर पानांआधी येणाऱ्या त्याच्या कागदी चकत्या बघायला मिळतात, वारा आला की त्या भिरभिरत खाली येतात. कोकणात असाल तर पानगळीची अट सोडून सुरंगी शोधा. तिची फुलं थेट फांदीला चिकटून येतात आणि वास वाडीभर जातो.

काटेसावर आणि पळस या दोन्हींचा बहर बघण्यासारखा असतो, पण तो होळीच्या आगेमागे ओसरू लागतो, त्यामुळे सात आठवड्यांसाठी ती झाडं अपुरी पडतात. शिवाय उंच सावरीवर आग्या मोहोळ असण्याची शक्यता असते. झाड ठरवण्याआधी मान वर करून सगळ्या मोठ्या फांद्यांखालून नजर फिरवा. काळसर, अर्धवर्तुळाकार पोळं लोंबताना दिसलं तर दुसरं झाड घ्या. हे गमतीवारी नेऊ नका.

पिंपळ निवडलात तर एक लक्षात ठेवा. शनिवारी तिथे पूजेला माणसं येतात, तेल वाहतात, प्रदक्षिणा घालतात. रविवारी सकाळी मात्र पार मोकळा असतो. कुणी दिवा ठेवून गेलं असेल तर तो हलवू नका, बाजूला बसा.

शनिवारची संध्याकाळ

रविवार बिघडतो तो शनिवारी रात्री. उशिरापर्यंत काहीतरी बघत बसलं की सकाळी नऊ वाजतात, आणि एप्रिलमध्ये नऊ म्हणजे ऊन डोक्यावर. मी शनिवारी तीनच कामं करते आणि ती दिवेलागणीच्या आत उरकते.

पहिलं काम माठाचं. दर शनिवारी माठ रिकामा करून नुसत्या पाण्याने आणि हाताने धुते. साबण लावायचा नाही, तो भाजक्या मातीत मुरतो आणि पुढे पाण्याला वास येतो. माठ नवा असेल तर रात्रभर पाण्याने भरून ठेवा, ते पाणी झाडांना घाला, आणि असं दोनदा केल्यावर मग प्यायला वापरा. माठातलं पाणी गार का होतं हे कळलं की तो कुठे ठेवायचा तेही कळतं. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाऱ्याने उडून जातं, आणि उडताना उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ कोपऱ्यात कोंडू नये. खिडकीच्या वाऱ्यात, तिवईवर ठेवावा, म्हणजे बुडालाही हवा लागते. पुण्यात, मराठवाड्यात, विदर्भात हवा कोरडी असल्यामुळे तो झकास गारवा देतो. मुंबईत आणि कोकणात दमट हवेमुळे तेवढा देत नाही, तो माठाचा दोष नव्हे. आत वाळ्याची एक छोटी जुडी धुऊन टाकली की सकाळच्या पहिल्या घोटाला पावसाच्या आधीच्या मातीसारखा वास येतो.

दुसरं काम मोगऱ्याचं. गॅलरीत एक कुंडी असली तरी पुरे. संध्याकाळी फुगीर, पांढऱ्या, अजून मिटलेल्या कळ्या खुडायच्या आणि वाटीभर पाण्यात उशाशी ठेवायच्या. रात्री त्या उमलतात. मला पहाटे गजराच्या आधी जाग येते ती बहुतेक त्या वासानेच.

तिसरं काम, पिशवी भरून दाराशी ठेवणं. वही, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली, बसायला जुनी सतरंजी. आणि फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावून टाकायचा. गजराला साधं घड्याळ घ्या, ते अजूनही मिळतं.

निघायची वेळ

पुण्यात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या थोडा नंतर उगवतो, एप्रिलच्या मध्यावर सव्वासहाला, आणि मे उजाडेपर्यंत सहा वाजून पाच-सात मिनिटांवर येतो. नागपूरकरांनी यातून वीसेक मिनिटं वजा करावीत. मी सूर्योदयाच्या पंधरा मिनिटं आधी घर सोडते. ही पंधरा मिनिटं फार मोलाची आहेत. उजेड असतो पण ऊन नसतं, आणि दयाळ पक्षी याच वेळी गातो. काळा-पांढरा, शेपटी उभारलेला, बुलबुलाएवढा पक्षी एखाद्या अँटेनाच्या टोकावर बसून शीळ घालताना दिसला तर तो दयाळ. सूर्य वर आला की त्याचं गाणं पातळ होत जातं.

चालताना बोलू नका. घरातलं कुणी सोबत असेल तर आधीच ठरवून घ्या की जाताना गप्प आणि येताना गप्पा. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिला हे सांगितल्यावर पहिल्या दिवशी जड गेलं. आता ती मला गप्प करते.

चहा घेऊन निघावं की नाही यावर आमच्या घरी दोन मतं आहेत. मी नुसतं पाणी पिऊन निघते, कारण परतल्यावरचा चहा मग खराखुरा लागतो.

पारावरचा पाऊण तास

पोचल्यावर लगेच बसायचं नाही. आधी झाडाभोवती एक फेरी मारायची, सावकाश. जमिनीकडे बघत: काय पडलंय? पानं, फळं, पिसं, काटक्या? मग दुसरी फेरी, वर बघत. झाडाला पुढची-मागची बाजू असते हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. आमच्या पिंपळाच्या पश्चिमेकडच्या फांद्या दर वर्षी आधी पालवतात आणि इमारतीकडच्या आठवडाभर मागे राहतात.

तिसरी पायरी, एक फांदी निवडायची. हाताला लागेल अशी, किंवा निदान डोळ्यांच्या उंचीवरची. दर रविवारी तिचंच टोक बघायचं. पिंपळाच्या डहाळीच्या टोकाला भाल्याच्या पात्यासारखी टोकदार, मिटलेली कळी असते. तिच्यावर पातळ, फिकट गुलाबीसर आवरण असतं. ते आवरण एका बाजूने सुटतं आणि गळून पडतं. आतून पान बाहेर येतं ते दुमडलेलं, ओलसर वाटणारं, इतकं मऊ की स्वतःचं वजनही त्याला पेलत नाही, म्हणून ते खाली लोंबत राहतं. रंग तांबूस-गुलाबी. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि अँथोसायनिन नावाचं तांबडं रंगद्रव्य जास्त असतं, त्यामुळे ही छटा येते. उजेडाच्या विरुद्ध बाजूने बघितलं तर त्यातली शीर न् शीर दिसते, आणि टोकाची ती लांब शेपटी तेव्हाही असते, केसाएवढी बारीक. हात लावायचा मोह होईल. बोटाच्या मागच्या बाजूने लावा.

मग बसा. वीस मिनिटं. डोळे उघडे राहिले तरी चालतील, मिटले तरी चालतील. श्वास मोजणं, मंत्र म्हणणं असं काही मी करत नाही. मी ऐकते. आधी सगळ्यात लांबचा आवाज शोधायचा: हायवेवरचा ट्रक, दूरच्या देवळातली घंटा. मग मधल्या अंतरातला: दूधवाल्याची मोटारसायकल, कुणाच्या तरी घरचा कुकर. मग सगळ्यात जवळचा: वाळकं पान पारावर आपटल्याचा, स्वतःच्या गिळण्याचा. तिथवर पोचलं की पुन्हा लांबून सुरुवात. मन भरकटतंच, सोमवारच्या मीटिंगवर जातं. गेलंय असं लक्षात आलं की पुन्हा लांबचा आवाज. एवढीच रीत आहे आणि ती पुरते.

या वीस मिनिटांत तुम्हाला बहुधा तांबट ऐकू येईल. तांब्याच्या भांड्यावर कुणी हातोडी ठोकावी तसा टुक-टुक-टुक एका लयीत, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा. तो दिसायला मात्र कठीण, कारण चिमणीहून थोडाच मोठा आणि हिरवा. शिवाय ठोके देताना तो मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी डावीकडून तर कधी उजवीकडून आल्यासारखा वाटतो. वाळलेल्या मऊ फांदीला खालच्या बाजूने गोल, नाण्याएवढं भोक दिसलं तर तिथे नजर ठेवा. ते त्याचं घर असू शकतं. पिंपळ, वड, उंबराची फळं हे त्याचं आवडतं खाणं, म्हणून अशा झाडापाशी तो हमखास असतो. कोकीळही याच फळांना येतो. कुहू-कुहू करणारा नर काळाभोर, लाल डोळ्यांचा असतो. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, आणि तिचा आवाज किक-किक असा कर्कश. त्या दोघांचा एप्रिलमध्ये कावळ्यांशी कसा पाठलाग चालतो ते एकदा ओळखू आलं की सकाळ अपुरी पडते.

फोटोबद्दल माझं मत कडक आहे. पहिले चार रविवार फोटो काढू नका. फोटो काढला की बघणं संपलं असं मनाला वाटतं आणि ते पुढच्या गोष्टीकडे वळतं. सुरक्षिततेसाठी फोन बरोबर हवाच असेल तर तो पिशवीच्या तळाशी ठेवा.

वही

शेवटची दहा-पंधरा मिनिटं लिहायची. वर तारीख, तिथी, वेळ. मग तीन भाग: काय दिसलं, काय ऐकलं, मनात काय आलं. प्रत्येकी दोन-तीन ओळी, जास्त नाही. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे:

"चैत्र शु. ६, सकाळी ६.४०. खालच्या फांदीवर चार पानं उघडली, दोन अजून मिटलेली. पानं हाताला गार. दोन तांबट, एक जवळ एक लांब, आळीपाळीने. काल रात्री आईशी तुटक बोलले. कारण नव्हतं."

मनात जे येतं ते झाडाला जोडायला जाऊ नका. पानगळ म्हणजे सोडून देणं, पालवी म्हणजे नवी आशा, असं लिहायला हात शिवशिवतो. मीही पहिल्या वर्षी तसंच लिहिलं होतं. पण त्याने झाडही नीट दिसत नाही आणि आपलं दुखणंही नीट दिसत नाही. झाडाचं झाडापाशी लिहावं, आपलं आपल्यापाशी.

आपल्या भागासाठी मी एकच प्रश्न ठेवलाय: या आठवड्यात कुणाशी नीट बोलायचं राहिलं? उत्तर लिहायचं आणि शक्य असेल तर त्याच दिवशी दहाच्या आत त्या माणसाला फोन करायचा. तिसऱ्या वर्षी सलग चार रविवार माझ्या वहीत एकच शब्द होता: "ताई". बाबा गेल्यावर घराच्या वाटणीवरून आमच्यात अबोला आला होता. पाचव्या रविवारी मी पारावरून उठले, घरी आले, चहाही न घेता फोन केला. तिने उचलला आणि म्हणाली, "अगं, बाल्कनीत मोहोर किती आलाय कडुलिंबाला, बाबांना आवडायचा ना." वाटणीबद्दल आम्ही त्या दिवशी बोललोच नाही. पुढे बोललो, आणि ते सोपं गेलं.

घरी आल्यावर: पन्हं

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात काहीतरी एकच करावं, पण सावकाश. पाडव्याच्या आसपास कैऱ्या बाजारात आल्या की माझं ते काम पन्ह्याचं. मधल्या आकाराच्या दोन आंबट, कडक कैऱ्या घ्या. देठाकडचा भाग कापून अर्धा तास पाण्यात ठेवा, म्हणजे चीक निघून जाईल. चीक राहिला तर घशाला खवखवतं. मग कुकरमध्ये दोन शिट्ट्या द्या. निवल्या की साल काढा आणि कोयीपासून गर हातानेच सोडवा, चमच्याने निम्मा वाया जातो. गर वाटीने मोजा. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, चवीला मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, असल्या तर चार काड्या केशराच्या. गर कोमट असतानाच गूळ घाला, तो आपोआप विरघळतो. काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं की आठवडाभर छान राहतं. पेलाभर माठाच्या पाण्यात दोन मोठे चमचे.

गूळ की साखर हा वाद जुना आहे. मी गुळाच्या बाजूची.

घरात चैत्रगौर असेल तर एका रविवारी आंबेडाळही करा. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी न घालता जाडसर वाटायची, निम्मी कैरी किसून घालायची, मीठ, साखर, हिरवी मिरची, आणि वरून हिंग-मोहरी-हळदीची गार केलेली फोडणी. फोडणी गरम ओतली तर डाळीचा ताजेपणा जातो. डाळ कच्ची असते, तेव्हा वाटीभरच खावी. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत कधीही करता येतं. मी ते मुद्दाम शनिवारी संध्याकाळी ठेवते, पाच-सहा शेजारणी, भिजवलेले हरभरे, डाळ आणि पन्हं. एवढ्याशा कारणाने वर्षभर लिफ्टमध्ये फक्त हसून जाणारी माणसं तासभर घरात बसतात.

दुपार

अकरा ते चार बाहेर पडू नका. पडदे ओढा, जेवण हलकं ठेवा, आणि वामकुक्षी घ्या. तिच्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. उन्हाळ्याच्या दुपारी आपल्याकडे गावंच्या गावं झोपत आली आहेत.

त्याआधी गॅलरीत पक्ष्यांसाठी पाणी ठेवा. भांडं मातीचं, पसरट, दोन इंचांपेक्षा खोल नसलेलं. मधे एक दगड ठेवा, बसायला. जागा सावलीतली आणि मांजराला उडी मारता येणार नाही अशी. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डासांची अंडी होतात. पहिले काही दिवस कुणी येणार नाही. मग एक बुलबुल येईल, आणि मग सगळे येतील.

गच्चीवरची रात्र

एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास गच्चीवर जा आणि उत्तरेकडे तोंड करा. सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांची शेपटी जशी वळते तशीच वळणावर नजर पुढे नेली की पूर्वेकडे नारिंगी, तेजस्वी स्वाती भेटते. तोच बाक आणखी पुढे वाढवला की पांढरी-निळसर चित्रा. शहराच्या उजेडातही या दोन्ही दिसतात. चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या रात्री, चंद्र या चित्रेच्या आसपास असतो. त्यावरूनच महिन्याला चैत्र हे नाव पडलं. हे मला शाळेत शिकवलं होतं, पण गच्चीवर उभं राहून चंद्राशेजारी चित्रा बघितली तेव्हा कळलं. पुढच्या पौर्णिमेला चंद्र विशाखेकडे, म्हणून वैशाख.

मुलांना रात्रीपेक्षा दुपारची गंमत हवी असेल तर मे महिन्यातला शून्य सावलीचा दिवस पकडा. कोल्हापुरात तो ६ मेच्या सुमारास येतो, पुण्यात १३ मेच्या, मुंबईत १५-१६ मेच्या, नागपुरात २६ मेच्या. साडेबाराच्या आसपास (नागपुरात वीसेक मिनिटं आधी) गच्चीवर एक डबा उभा ठेवायचा. त्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते आणि काही क्षण डबा सावलीशिवाय उभा राहतो.

सात रविवारांत काय काय दिसेल

पहिल्या रविवारी बहुतेक पिवळी, वाळकी पानं आणि त्यांचा खडखडाट. दुसऱ्या रविवारी झाड जवळजवळ उघडं, आणि फांद्यांच्या टोकांना त्या मिटलेल्या कळ्या. हा रविवार कंटाळवाणा वाटतो आणि बरेच जण इथेच सोडून देतात. सोडू नका, कारण पाडव्याच्या आगेमागे एका आठवड्यात सगळं झाड तांबूस होऊन जातं. चौथ्या रविवारी तांबडा उतरून पोपटी चढलेला असतो, एकाच फांदीवर दोन्ही रंग. पाचव्यात पानं तकतकीत होतात आणि पहिल्यांदा सळसळ ऐकू येते. कोवळी पानं वाजत नाहीत, हे तोवर तुमच्या लक्षात आलेलं असेल. याच सुमाराला कावळे काटक्या गोळा करताना दिसतात. सहाव्या आणि सातव्या रविवारी पाराला पूर्ण सावली येते. शेजारच्या रस्त्यावर बहावा पिवळा लोंबायला लागलेला असतो, ऊन सात वाजताच चटका देतं, आणि एखाद्या रात्री वळीव पडून गेला असेल तर पाराची माती भिजलेली मिळते.

हे वेळापत्रक आमच्या झाडाचं. पिंपळाचं प्रत्येक झाड आपल्या हिशेबाने चालतं, एकाच रस्त्यावरचे दोन पिंपळही एकमेकांशी जुळत नाहीत. तुमचा दोन आठवडे पुढे किंवा मागे असेल.

अडलं तर

रविवारी कामावर जावं लागत असेल तर जी सुट्टी असेल तो वार धरा, फक्त वार बदलू नका. गुडघे दुखणाऱ्यांसाठी किंवा घरी लहान बाळ असणाऱ्यांसाठी गॅलरीतून दिसणारं एक झाड पुरतं. माझी आई खुर्चीत बसून समोरचा कडुलिंब बघते. त्याच्या बारीक पांढऱ्या मोहोराचा वास सकाळी सहाला सगळ्यात जास्त असतो ही माहिती तिने मला दिली. एखादा रविवार चुकला तर सोमवारी भरून काढू नका. वहीत तारीख घालून पान कोरं सोडा.

टेकडीवरचं झाड निवडायचा विचार असेल तर एकटीने पहाटे अंधारात जाऊ नका. पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला उजाडल्यावर फिरायला येणारे पुष्कळ असतात, त्या वेळेत जा.

शेवटच्या रविवारी

सातव्या रविवारी पारावरून दोन-तीन धड, मोठी, पडलेली पानं घरी आणा. फांदीवरचं तोडू नका. एका पसरट भांड्यात पाण्यात बुडवून ठेवा, वर एक बशी, म्हणजे ती तरंगणार नाहीत. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलत राहा. वास येतो, म्हणून भांडं गॅलरीत ठेवा. पंधरा-वीस दिवसांत पानाचा गर मऊ होतो. मग पान तळहातावर घेऊन, वरून पाण्याची बारीक धार सोडत, जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने तो गर सोडवा. मधल्या शिरेपासून कडेकडे जायचं, उलट नाही. घाई केली तर टोकाची शेपटी आधी तुटते. आमची पहिली दोन तुटली. तिसरं मुलीने एकटीने केलं, अर्धा तास लागला तिला. नुसती जाळी उरली, कागदाखाली अक्षरं दिसतील इतकी पातळ. ते टिपकागदात वाळवून तिने वहीत ठेवलं, चैत्र शुद्ध षष्ठीच्या पानावर, जिथे चार पानं उघडली आणि दोन अजून मिटलेली असं लिहिलंय.